अल्कोचा ठेका

अकोला-अकोट मार्ग मीटरगेज होता तेव्हाचं वायडीएम-४ आणि ब्रॉडगेजचं डब्ल्यूडीएम-२, ही दोन्ही रेल्वेची डिझेल इंजिनं अमेरिकन कंपनी अल्कोच्या २५१ घराण्यातली. तरी डोळे मिटून वेगळी ओळखू येतात. पहिल्याला ६ सिलिंडर एका रांगेत, दुसऱ्याला १६ व्ही आकारात. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला साधारण ४०० फेऱ्यांवर उभं असेल, तर ६ सिलिंडरमध्ये सेकंदाला २० स्फोट होतात, १६ मध्ये ५३. म्हणून वायडीएमचा ‘धक-धक’ सुटा ऐकू येतो, डब्ल्यूडीएमची भरदार घरघर होते.

खरी मजा नॉच (वेग वाढवायच्या दांड्याची पायरी) उघडताना. डिझेल लगेच वाढतं, पण इंजिनात हवा कोंबणारा टर्बो फिरतो धुराच्या जोरावर, तो मागं राहतो. हवा कमी पडते, काळा लोट उठतो. मग टर्बोची शिट्टी चढते आणि धूर विरळ होतो. तो क्षण केवळ अप्रतिम!

रेकॉर्डिंग करायचं तर चढावर, रुळांपासून २०-३० मीटरवर, वावराच्या धुऱ्यावर उभं राहा. माइकला केसाळ टोपी हवीच, नाहीतर कपाशीवरून येणारा वारा सगळं खातो. रेकॉर्डरची लेव्हल उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा. ऑटो गेन, म्हणजे लेव्हल आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंद. नाहीतर भोंगा वाजला की ती सोय इंजिनाचा आवाज दाबून टाकते.