छाट कलम, चौथी खेप: मुळं दिसली!

छाट कलम म्हणजे झाडाची काडी कापून लावायची आणि तिला मुळं फुटायची वाट बघायची. या खेपेला गुलाबाच्या बारापैकी पाच काड्यांना मुळं! रविवारी गच्चीवर पोरांनी असा गलका केला की खालच्या मजल्यावरचे आजोबाही जिना चढून वर आले.

तिसरी खेप गेली हे मागे लिहिलं होतं. कशी गेली, ते राहिलंच. दहाव्या दिवशी गावठी गुलाबाच्या काड्यांना लालसर पालवी फुटली. मुलांनी वहीत ‘जगलं’ असं लिहून तारीख टाकली आणि मीही हो म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात पालवीने माना टाकल्या. काडी उपटली तर बुडाची साल काळी, बुळबुळीत आणि मुळांचा पत्ताच नाही. सहावीतली एक मुलगी रडवेली झाली. “काकू, पण पानं तर आली होती ना!”

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. काडीत साठलेल्या अन्नावर डोळा (पेरावरचा कोंब) फुटतो, त्याला मुळं लागत नाहीत. अन्न संपेपर्यंत मुळं सुटली नाहीत, तर सगळं संपतं. त्यात मी मातीत शेणखत घातलं होतं, आणि मुलं रोज काडी उपटून बघत होती. त्यांना बघायचं होतं, त्यात गैर काय? मग बघता येईल अशीच सोय केली.

पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास, तळाला भोकं, बाहेरून काळा कागद. आत निम्मी चाळलेली वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). विटेसारखं दाबलेलं कोकोपीट तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. खत अजिबात नाही. पेन्सिलीएवढ्या जाड, चार-पाच डोळ्यांच्या काड्या, खालचा काप पेराच्या लगेच खाली. बोथट सिकेटरने (फांद्या छाटायच्या कात्रीने) साल चेचते, म्हणून या वेळी नवं ब्लेड वापरलं. कागद फक्त रविवारी काढायचा.

दुसऱ्या रविवारी कापाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढरट गाठी दिसल्या. चौथ्या रविवारी त्यातून दोऱ्यासारखी पांढरी मुळं ग्लासच्या भिंतीला टेकली होती. पाचातल्या चार काड्या संप्रेरकाची (मुळं फुटायला मदत करणारी) पूड लावलेल्या. पूड लावलेल्या सहा आणि न लावलेल्या सहाच काड्या होत्या, तरी पुढच्या खेपेला पूड सगळ्यांना लावणार.

पानफुटीचं मात्र काहीच करावं लागलं नाही. खिडकीत दोऱ्याला टांगलेल्या एका पानाच्या खाचांतून नऊ पिल्लं आलीत.

शाकीय प्रजनन म्हणजे काय, हे त्याच मुलीने धाकट्यांना सांगितलं: “बी नाही, नवं झाड नाही. जुनंच झाड दुसऱ्या कुंडीत.”

पुढे लिंबाची गुटी बांधायची, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची, असं ठरलं होतं. पण हे लिहिताना ऊस आठवला! उसाच्या पेरावर डोळा असतोच, शिवाय भोवती बारीक ठिपक्यांचं कडं असतं. तीच मुळांची तयार जागा. गुलाबाला जे जखमेतून नव्याने घडवावं लागतं, ते उसाकडे आधीच असतं. दोन्ही ग्लास शेजारी ठेवले की मुलांना फरक डोळ्यांनी दिसेल. गुटी नंतर बघू. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्या दादांना आताच फोन केला, डोळे न खरवडलेला एक अख्खा ऊस बाजूला ठेवतो म्हणालेत.