जुन्या वस्तऱ्याला दाढीची धार आणताना

जुना वस्तरा हातात आला की मी आधी पात्याची पाठ बघतो, धार नंतर. गेलेली धार दगडावर परत येते, झिजलेली पाठ येत नाही. वस्तरा दगडावर आडवा टेकवला की पाठ आणि धार एकाच वेळी टेकतात, आणि धारेचा कोन (साधारण १६ ते १८ अंश) पाठीच्या जाडीवरून आपोआप ठरतो. पाठ घासून घासून रुंद, सपाट झालेली असेल तर तो वस्तरा मी घेतच नाही.

हा वस्तरा जर्मनीतल्या झोलिंगन शहरातला. रुंदी ५/८ इंच, पातं दोन्ही बाजूंनी पूर्ण पोकळ काढलेलं, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत खोलगट घासून पातळ केलेलं. शेपटीजवळ, म्हणजे पात्यामागच्या दांड्याजवळ, देशाचं नाव कोरलेलं होतं. १८९० च्या अमेरिकी आयात कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे असा शिक्का असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा असतो. नखाने टिचकी मारली तर स्वच्छ नाद आला. तडा असेल तर आवाज बद्द येतो. गंज होता तो मात्र मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची होती. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात आणि पातं आतून खातात. अशी मूठ बदलावीच लागते, आणि ती दुसऱ्या वस्तऱ्यांसोबत एका डब्यात ठेवायची नाही. नव्या मुठीसाठी १/१६ इंचाची पितळी सळी आणि वॉशर घेतले. छोट्या हातोडीने हलक्या हाताने ठोकत सळीचं डोकं पसरवलं. एकदा जोरात ठोकलं तर मूठ चिरते.

गंज काढताना धारेवर जाड टेप लावला. पॉलिश पेपर ६००, मग १०००, मग २०००, तेल लावून, बुचाच्या तुकड्याला गुंडाळून. हात पाठीकडून धारेकडे जातो, उलट कधीच नाही. काळे डाग तसेच राहू दिले, ते पात्याला अपाय करत नाहीत. गंजाचे खड्डे थेट धारेपर्यंत पोचलेत का, हे मात्र भिंगातून बघावं, कारण तिथेच धार पुढे तुटते. पॉलिशच्या चाकावर मी जुनं पातं धरत नाही. कागदासारखी पातळ धार क्षणात तापते, निळी पडते आणि पोलादाचं पाणी उतरतं.

मग दगड. आधी दगड सपाट केला: पेन्सिलने चौकटी आखायच्या आणि हिऱ्याच्या प्लेटवर सगळ्या रेघा जाईपर्यंत घासायचा. खरं काम १००० ग्रिटच्या दगडावरच होतं (ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक). इथे बेव्हल, म्हणजे धारेलगतचा दोन्ही बाजूंचा उतार, पूर्ण बसला नाही तर पुढचे दगड फक्त चकाकी देतात. धारेवर मार्करची शाई लावली, तीन हात फिरवले आणि पाहिलं. टाचेकडे, म्हणजे धारेच्या मुळाकडच्या टोकाला, शाई तशीच. कारण पात्याच्या मुळाशी असलेला जाड भाग दगडावर चढून धार उचलत होता. पातं थोडं तिरकं धरून तो भाग दगडाबाहेर ठेवला तशी तिथली शाई जाऊ लागली. पण धारेच्या अगदी कडेला काळी रेघ उरलीच. ही चूक माझ्या बोटांची होती: दाब दिला की पोकळ पातं वाकतं, कड वर उठते आणि दगड तिच्या मागेच घासत राहतो. बोटं हलकी केली, रेघ गेली. टाचेपासून टोकापर्यंत प्रत्येक ठिकाणी मनगटावरची लव सहज कापली गेली, तेव्हाच पुढे गेलो.

४००० वर चाळीसेक हात, ८००० वर तीस, १२००० वर पंधरा, तेही वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाने. दगडावर धार पुढे जाते, आणि वळवताना पातं पाठीवरच फिरतं. पाठीवर नक्षी असेल तर टेपचा एक थर लावावा. पण मग कोन थोडा वाढतो, म्हणून पुढच्या वेळीही टेप लागतोच.

मग परजायच्या पट्ट्यावर सगळं उलट: पाठ पुढे, धार मागून. कॅनव्हासवर २०, चामड्यावर ५० फेऱ्या, पट्टा ताणून. सैल पट्ट्यावर कड गोल होते आणि दगडावरची सगळी मेहनत वाया जाते.

दाढीला फेस जरा जास्त ओला हवा. त्वचा ताणायची, पातं ३० अंशांवर, पहिली फेरी केसांच्या दिशेने. गालावर सुरळीत चाललं, हनुवटीवर ओढू लागलं. तिथे हात नकळत उभा होतो. कोन कमी केला की ओढ थांबते. कोन बरोबर असूनही सगळीकडे ओढत असेल तर दोष बेव्हलचा, पट्ट्याने तो सुधारत नाही.

दाढीनंतर पातं पुसायचं, पातं आणि मूठ जोडणाऱ्या पिनेजवळचं पाणी कापडाच्या टोकाने टिपायचं, कारण नवा गंज तिथूनच सुरू होतो. काही दिवस वापरणार नसेन तर तेलाचं बोट फिरवून वस्तरा न्हाणीघराबाहेर ठेवतो. नीट चालणारा वस्तरा पुढे कधी पट्ट्यावर परजूनही ओढू लागला की १२००० वर पंधरा-वीस हात पुरतात. १००० चा दगड पुन्हा काढायचा तो धारेला टवका उडाला तरच.