लाकडी वाड्याला काँक्रीटची चाचणी

आमचा पेठेतला वाडा पाडायचा नव्हता. दुरुस्त करून तळमजल्यावर अभ्यासिका काढायची होती. एवढी साधी गोष्ट महापालिकेच्या गळी उतरवताना काय झालं ते लिहितेय, म्हणजे पुढच्याचं रक्त तरी कमी आटेल.

भाऊबंदांच्या सह्या, मालमत्ता पत्रक, नकाशे, सगळं झालं. अडलं ते स्ट्रक्चरल ऑडिटवर. भिंतीवर धोकादायक इमारतीची नोटीस लागलेली, त्यामुळे अहवाल त्यांच्याच छापील नमुन्यात हवा. नमुन्यात रकाने कसले? रीबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी, कार्बोनेशन, हाफ सेल. म्हणजे काँक्रीट किती टणक आहे आणि आतली सळई किती गंजली आहे, ते. आमचा वाडा सागवानी खांब-तुळयांचा, विटा-चुन्याच्या भिंतींचा. सळया म्हणाल तर खिडक्यांचे गज. इंजिनिअरनी चारही रकान्यांत ‘लागू नाही’ लिहिलं. फाईल परत. शेरा: ‘चाचणी अहवाल अपूर्ण’.

‘मॅडम, रकाना मोकळा सोडून चालत नाही.’
‘मोकळा कुठाय? लागू नाही असं लिहिलंय की.’
‘हो, पण आकडा नाही ना.’

पुढच्या टेबलावरच्या साहेबांना माझी दया आली असावी. म्हणाले, मागे संडासाचा स्लॅब आहे ना, त्याच्यावर चाचणी करा आणि जोडून टाका. इंजिनिअर हसले. मला काही हसू आलं नाही. संडासाच्या स्लॅबवरून वाड्याचं आयुष्य ठरवायचं? वर एका हितचिंतकांनी धीर दिला, मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ला बंद पडलं ते २०१६ला उघडलं, तुम्ही आत्ताच कुठे थकता!

खरी तपासणी केव्हाच झाली होती. इंजिनिअरनी एकेक खांब ठोकून आवाज ऐकला, बुडाशी टोच्या खुपसून पाहिला, ओल मोजली. वरचं लाकूड खणखणीत. कुजलं होतं ते फक्त बुडाशी, तेही जिथे मागच्या पिढीत सिमेंटचा कोबा करताना दगडी तळखडे गाडले गेले तिथेच. तळखडा असतोच खांबाला ओलीपासून वर ठेवायला. तो गाडला की ओल सरळ लाकडात. हे सगळं अहवालात फोटोंसकट होतं, पण त्याला रकाना नव्हता.

शेवटी मी पत्र दिलं: ‘लाकडी खांबावर रीबाउंड हॅमर चाचणी कोणत्या भारतीय मानकानुसार करावी, ते लेखी कळवावे.’ सोबत लाकडी बांधकामाचं मानक, आयएस ८८३, जोडलं. आवक शिक्का मारून घेतला (तो घ्याच, नाहीतर पत्र दिलंच नाही असं ठरतं). आता या प्रश्नाच्या उत्तराखाली सही कोण करणार? उपअभियंता स्वतः वाड्यावर आले, खांब पाहिले आणि ‘पारंपरिक बांधकाम, प्रत्यक्ष तपासणी ग्राह्य’ असा शेरा मारून गेले. त्या दिवशी मी आख्ख्या आळीला पेढे वाटले.

हो, आणि नोटीस कलम २६४ची असेल तर घाबरू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या त्या कलमात पाडण्याबरोबर दुरुस्तीही आहे. नोटिशीत ‘पाडावे’ एवढंच ठळक असलं तरी ‘दुरुस्ती करतो’ असं लेखी उत्तर लगेच द्या, तोंडी बोलण्यात दिवस घालवू नका.

अभ्यासिका करणार असाल तर पुस्तकांची कपाटं माडीवर नेऊ नका. राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, पुस्तकं साठवायच्या खोलीला ६००. म्हणून आमची कपाटं खाली आणि माडीवर नुसती टेबलं. स्वच्छतागृह मागच्या अंगणात सुटं, वाड्याच्या भिंतीला न टेकणारं.

चुन्याचा मिस्त्री मात्र परवानगीची वाट न बघता आधीच गाठून ठेवा. आम्हाला तो उशिरा मिळाला, आणि तेवढ्यात ठेकेदार सिमेंटचा गिलावा मारायला निघाला होता. जुन्या विटेवर सिमेंट बसलं की ओल आतच कोंडते आणि वीट खारावून भुगा होते. त्याला दारातूनच परत पाठवला.