डिस्चार्ज कार्डाची पहिली ओळ

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विमा कंपनीचे पत्र आले, तेव्हा माझ्या पोटावरच्या ऑपरेशनच्या लहान लहान जखमा भरून आल्या होत्या आणि मी पुन्हा जिनिंगच्या कार्यालयात जाऊ लागले होते. पत्र अगदी छोटे होते. माझ्यावर झालेले उपचार वंध्यत्वाशी संबंधित असल्यामुळे पॉलिसीतील सतराव्या अपवर्जनानुसार, म्हणजे कोणता खर्च मिळणार नाही हे सांगणाऱ्या कलमानुसार, दावा मंजूर करता येत नाही, एवढाच त्याचा आशय होता. मी ते दोनदा वाचले. मूल होण्यासाठी मी ऑपरेशन केलेच नव्हते. मी ऑपरेशन केले ते दर महिन्याला तीन दिवस अंथरुणाला खिळवणाऱ्या दुखण्यासाठी, आणि त्या पत्रात दुखणे हा शब्द कोठेही नव्हता.

हे दुखणे नववीत असल्यापासूनचे. आजी म्हणायची, "लगीन व्हयनं का सम्दं ठीक व्हई जाई." लग्न झाले, आठ वर्षे गेली, पण काही ठीक झाले नाही. कानबाईच्या रोटांच्या वेळी घरातल्या सगळ्या बायका दळण-पुरणात गुंतलेल्या असताना मी आतल्या खोलीत गरम पाण्याची पिशवी धरून पडलेली असे, आणि त्याचे मला दुखण्याहून अधिक वाईट वाटे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कापसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. मी काट्याच्या पावत्या तपासत असताना चक्कर येऊन पडले, आणि त्यानंतर आम्ही धरणगावहून जळगावला गेलो. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात साडेपाच सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टर मॅडमनी तिला चॉकलेट सिस्ट म्हटले आणि आजाराचे नाव सांगितले: एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर किंवा ओटीपोटाच्या आवरणावर वाढते, तिच्यातून रक्तस्राव होतो, ते रक्त साठून जुने झाले की तपकिरी, दाट होते, आणि आजूबाजूचे अवयव एकमेकांना चिकटू लागतात, असे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. डिसेंबरमध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. गाठ काढली, गर्भाशयामागच्या खोलगट जागेतले ठिपके जाळले, चिकटलेले भाग सोडवले. काढलेल्या गाठीच्या तपासणीत एंडोमेट्रिओसिसच असल्याचे लिहून आले. ऑपरेशन चालू असतानाच, भूल दिलेलीच आहे तर पाहून घेऊ, म्हणून गर्भनलिकांतून रंगीत द्रव सोडून त्या मोकळ्या आहेत का याचीही चाचणी केली गेली. तिला मी आधीच संमती दिली होती.

रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत नव्हते, म्हणून बिल आम्ही भरले आणि परताव्याचा दावा केला. दाव्याच्या अर्जाचे दोन भाग असतात. अ भाग आपण भरायचा, ब भाग रुग्णालयाने. ब भागात निदानाच्या रकान्याशेजारी आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला, कोड लिहिण्यासाठी चौकटी असतात. अर्ज पाठवताना त्या चौकटींत काय लिहिले आहे हे मी पाहिलेच नव्हते. नकाराचे पत्र आल्यावर छायांकित प्रत काढून पाहिली, तर मुख्य निदानाच्या चौकटीत एन ९७.९ असे होते आणि बाकीच्या चौकटी रिकाम्या होत्या.

माझी भाची पुण्यात मेडिकल कोडिंगचे काम करते. त्या रात्री मी तिला फोन केला. तिने आकडा ऐकताच सांगितले, "मावशी, हा कोड स्त्री-वंध्यत्वाचा आहे, तोही कारण न सांगितलेल्या वंध्यत्वाचा. तुझा आजार एन ८० मध्ये येतो." मग तासभर ती मला आयसीडी-१० च्या पुस्तकाची रचना सांगत राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची ही दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली. तिचे तीन खंड आहेत: एक कोडांच्या क्रमाने लावलेली यादी, दुसरा नियमांचा आणि तिसरा अकारविल्हे सूची. कोड शोधताना आधी सूचीत शब्द पाहायचा आणि मग पहिल्या खंडात जाऊन तो तेथे बसतो का याची खात्री करायची. एन या अक्षराचे चौदावे प्रकरण मूत्रसंस्था आणि जननसंस्थेच्या आजारांचे आहे. त्यात एन ८० ते एन ९८ हा स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या दाहविरहित विकारांचा गट आहे. म्हणजे माझा खरा आजार आणि मला चिकटवलेला आजार एकाच गटातले, काही पानांच्या अंतरावरचे होते. पण विम्याच्या दृष्टीने त्यांतल्या एकाचा खर्च मिळतो आणि दुसऱ्याचा मिळत नाही, कारण वंध्यत्वावरील उपचार, कृत्रिम गर्भधारणेसकट, विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाण अपवर्जनांत सतराव्या क्रमांकावर आहेत आणि बहुतेक पॉलिसींत ते जसेच्या तसे छापलेले असते.

एन ८० च्या पोटात चौथे अक्षर जागा सांगते. एन ८०.० गर्भाशयाचा, एन ८०.१ अंडाशयाचा, एन ८०.२ गर्भनलिकेचा, एन ८०.३ ओटीपोटाच्या आवरणाचा, एन ८०.४ गुदाशय आणि योनीमधल्या पडद्याचा व योनीचा, एन ८०.५ आतड्याचा. सिझेरियनसारख्या शस्त्रक्रियेच्या व्रणात हा आजार वाढतो, त्यालाही एन ८०.६ असा वेगळा कोड आहे. जागा लिहिलेलीच नसेल तर एन ८०.९. हे वाचताना माझ्या लक्षात आले की या साऱ्यात आजार किती तीव्र आहे याला जागाच नाही. माझ्या ऑपरेशनच्या टिपणात तिसरी पायरी असे लिहिले होते, कारण शल्यचिकित्सक गुण देऊन एक ते चार पायऱ्या ठरवतात. पण पहिल्या पायरीची बाई आणि चौथ्या पायरीची बाई यांचा कोड एकच येऊ शकतो. दुखण्याचे माप तर पायरीतही नसते. थोडासा आजार असलेल्या बाईचे दुखणे जास्त असू शकते, हे डॉक्टर मॅडमनीच मला सांगितले होते.

इथे माझी एक चूक झाली असती. भाचीचे रोजचे काम अमेरिकेतल्या रुग्णांचे आहे आणि तिथे या वर्गीकरणाची स्वतःची विस्तारित आवृत्ती वापरतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून त्या आवृत्तीत एंडोमेट्रिओसिसचे कोड खूप वाढवले गेले. कोणत्या बाजूचे अंडाशय, वरवरचा आजार की खोल, हे सगळे कोडातच सांगावे लागते आणि नुसते एन ८०.१ तिथे अपूर्ण ठरते. डाव्या अंडाशयातील चॉकलेट सिस्टसाठी तिने सवयीने एन ८०.१२२ सांगितला आणि मी तोच डायरीत लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी तिनेच फोन करून थांबवले: "तुझ्या रुग्णालयात मूळ आवृत्तीतले चार अक्षरी कोड चालत असतील, आधी विचार." विचारले, तसेच होते. बरोबर कोडही चुकीच्या आवृत्तीतला असेल तर पुन्हा नाकारला जाण्याची शक्यता होती. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आहे. तिच्यात एंडोमेट्रिओसिस जीए १० आणि गर्भाशयाच्या स्नायूंतला ॲडिनोमायोसिस जीए ११ असे वेगळे केले आहेत. दहाव्या आवृत्तीत मात्र ॲडिनोमायोसिसही एन ८०.० मध्येच जातो. माझ्या कामाला त्याचा उपयोग नव्हता, पण दोन आजार आता वेगवेगळे मोजले जातील हे मला योग्य वाटले.

मार्चच्या पहिल्या सोमवारी मी सकाळच्या गाडीने जळगावला गेले आणि रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात बसले. तेथील भाऊंनी माझी फाइल काढली, आणि चूक कशी झाली हे त्या फाइलमध्येच दिसले. डिस्चार्ज कार्डाची निदानाची पहिली ओळ अशी होती: प्राथमिक वंध्यत्व, डाव्या बाजूला चॉकलेट सिस्ट. भाऊंनी पहिले शब्द घेतले, संगणकात टाकले आणि जो कोड आला तो चौकटीत लिहिला. त्यांचा दोष मी फार मोठा मानत नाही. हिशेबाच्या कामात मीही कितीदा व्हाउचरवरचा पहिला शब्द वाचून खाते ठरवले आहे. खरी चूक त्या ओळीच्या क्रमात होती. पहिल्या भेटीत मॅडमनी विचारले होते, लग्नाला किती वर्षे, मूल आहे का. मी नाही म्हटले, आणि केसपेपरवर वंध्यत्व हा शब्द सगळ्यात वर गेला. तोच शब्द तसाच पुढे डिस्चार्ज कार्डापर्यंत उतरला. मूल नसलेल्या बाईच्या कागदावर तो शब्द आधी येतो आणि तिचे दुखणे मागून येते, याचा मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या फार त्रास झाला.

भाचीने मला नियमांच्या खंडातली एक व्याख्या लिहून दिली होती आणि तीच शेवटी उपयोगी पडली. मुख्य आजार म्हणजे उपचाराच्या त्या टप्प्याच्या अखेरीस निदान झालेला असा आजार, जो रुग्णाला उपचार किंवा तपासणी लागण्याला मुख्यतः कारणीभूत होता. रुग्ण आला तेव्हा काय वाटत होते याला महत्त्व नाही. अखेरीस काय ठरले आणि उपचार कशावर झाले, ते पाहायचे. माझ्या बाबतीत अखेरीस गाठीचा अहवाल होता आणि उपचार गाठीवर झाले होते. भाऊ म्हणाले, "ताई, मला पटते आहे, पण मी कोड बदलू शकत नाही. निदान डॉक्टरांनी बदलले तरच कोड बदलेल." हे त्यांचे म्हणणे रास्त होते. कोड हा निदानाच्या मागे चालतो, आणि दावा मिळावा म्हणून कोड बदलणे हा गुन्हा ठरेल.

मॅडमना भेटण्यासाठी अडीच तास थांबावे लागले, पण त्यांनी पाच मिनिटांत सगळे समजून घेतले. जुने कार्ड खोडायचे नाही, त्यावर काही चिकटवायचे नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. त्यांनी त्या दिवसाच्या तारखेचे पुरवणी टिपण लिहिले. शस्त्रक्रियेतील निष्कर्ष आणि ऊती-तपासणी यांच्या आधारे मुख्य निदान डाव्या अंडाशयाचा एंडोमेट्रिओसिस, सोबत ओटीपोटाच्या आवरणावरील एंडोमेट्रिओसिस व आतील चिकटणी, आणि वंध्यत्व ही सहस्थिती, असा क्रम त्यांनी लावला. दाखल होण्याचे कारण पाळीतील तीव्र वेदना, हे वेगळ्या ओळीत आले. भाऊंनी नव्या ब भागात मुख्य चौकटीत एन ८०.१, पुढच्या चौकटींत एन ८०.३ आणि एन ७३.६ लिहिले, आणि शेवटी एन ९७.९. पाळीच्या वेदनांसाठी एन ९४ मध्ये वेगळे कोड आहेत, पण वेदनेचे कारण असलेला आजार सिद्ध झाल्यावर लक्षण वेगळे लिहीत नाहीत, म्हणून ते घातले नाहीत. वंध्यत्वाचा कोड मी काढून टाकायला सांगितला नाही. ते खोटे झाले असते.

पुनर्विचाराचा अर्ज मी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवला आणि पोच जपून ठेवली. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, हे मी वाचून ठेवले होते. उत्तर आले, पण ते नवीन प्रश्न घेऊन. केसपेपरवर दुखणे पंधरा वर्षांपासून असे लिहिलेले होते, तेव्हा हा आजार पॉलिसीच्या आधीचा नाही कशावरून, अशी विचारणा होती. माझी पॉलिसी ऑगस्ट २०१९ ची. त्या कागदात आधीच्या आजाराची व्याख्या होती: पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ४८ महिन्यांत ज्याचे वैद्यकीय निदान झाले किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार घेतला गेला तो आजार. त्या काळात मी कोणत्याही डॉक्टरकडे गेलेच नव्हते, कारण दुखणे हे सहन करायचेच असते असे घरात सगळ्यांना, मलाही, वाटत होते. तरी मी दुसरा मुद्दाही मांडला. आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा ४८ महिन्यांची आणि एंडोमेट्रिओसिससारख्या नावनिशीवार आजारांची २४ महिन्यांची, असे पॉलिसीतच लिहिले होते, आणि डिसेंबर २०२३ पर्यंत दोन्ही मुदती उलटून गेल्या होत्या. सगळ्या नूतनीकरणांच्या पावत्या जोडल्या. एकाही वर्षी खंड नव्हता.

एप्रिलच्या अखेरीस दावा मंजूर झाला. हातमोजे आणि तत्सम वस्तूंची रक्कम वजा झाली, आणि गर्भनलिकांच्या चाचणीचा खर्चही वजा झाला. ती चाचणी वंध्यत्वासाठीच होती, तेव्हा त्या वजावटीवर मी हरकत घेतली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रिया आणि मुली, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी, या आजाराने ग्रस्त आहेत. त्यांच्यातल्या किती जणींच्या फाइलवर दुसरेच काही लिहिलेले असेल, हा विचार मला अजून सोडत नाही, कारण रुग्णालयाच्या नोंदींत माझी गणना मार्चपर्यंत एन ९७ मध्येच होत होती. भाऊंनी नंतर फोनवर सांगितले की संगणकातली माझी नोंदही त्यांनी दुरुस्त केली आहे.

ऑपरेशननंतरच्या गोळ्यांची आणि दोन तपासण्यांची बिले, ६० दिवसांच्या आतली, मी मे महिन्यात वेगळ्या अर्जाने पाठवली. त्या अर्जावर मुख्य निदानाच्या चौकटीत एन ८०.१ लिहिले आहे हे मी आधी पाहिले, पुरवणी टिपणाची प्रत वर लावली आणि मग पाकीट बंद केले. त्यावर कोणतीही विचारणा आली नाही.