जू एक, बैल दोन

गाडी २०१७ ची, जर्मन, पांढरी. नागपूरच्या एका डॉक्टरांकडून १९ लाखांना घेतली. नवी होती तेव्हा साठच्या वर गेलेली, म्हणजे मी चाळीस लाख वाचवले, असा माझा हिशेब. दारव्ह्यात माझं कृषी केंद्र आहे. दुकानासमोर अशी गाडी उभी दिसली की गिऱ्हाईक उधारी सावकाश देते, हे मागाहून कळलं.

मागच्या उन्हाळ्यात लाडखेडजवळ रस्त्यावर गिट्टी पसरली होती, त्यात समोरच्या एका टायरची बाजू फाटली. एक टायर साडेबावीस हजारांचं. मी समोरचे दोन बदलवले. मागच्या दोघांची नक्षी निम्मी उरली होती. म्हटलं, अजून वर्षभर चालतील. पंचेचाळीस हजार वाचले. माझ्या सगळ्या बचती अशाच असतात.

पोळा झाला असेल. दुकानामागे गाडी वळवताना स्टिअरिंग पूर्ण कापलं की कोणी कासरा ओढल्यासारखी ती अडखळायची. सरळ रस्त्यावर काहीच नाही. मी दुर्लक्ष केलं. मग डॅशबोर्डवर फोर व्हील ड्राइव्हचा पिवळा इशारा आला. गाडी बंद करून चालू केली की जायचा, म्हणून रोज बंद-चालू करत राहिलो.

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळहून परतताना खालून खटाखट आवाज सुरू झाला, जळका वास आला आणि गाडी जागीच बसली. रात्रीचे साडेनऊ. ट्रॅक्टरवाला एक ओळखीचा थांबला. "दोर लावू काय जी? पाच मिन्टात घरी नेतो." मीही हो म्हणणार होतो. पण हेल्पलाइनवरच्या मुलीनं बजावलं, चारही चाकं आतून जोडलेली आहेत, एकही चाक जमिनीवर ठेवून ओढू नका. सपाट पाठीचा ट्रक नागपूरहून आला. चौदा हजार रुपये आणि पहाटेपर्यंत डास.

सर्व्हिस सेंटरचं निदान: ट्रान्सफर केस गेला. गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा तो डबा. आम्ही तो उघडत नाही, अख्खा बदलतो, असं ते म्हणाले. एकूण ४,८६,००० रुपये. त्यातलं ऑइल कधी बदलायचं होतं, विचारलं तर म्हणे ते लाइफटाइम असते. कोणाच्या लाइफचं, ते नाही सांगितलं.

मी मोबाइलवर हिशेब केला. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये, म्हणजे साठ क्विंटल कापूस. आमच्या कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल आले तरी दहा एकर त्या डब्यात गेले. गाडी जुनी झाली तशी तिची किंमत उतरली. पार्टची काही उतरली नव्हती.

शेवटी गाडी नागपूरच्याच एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीनं आत हात घालण्याआधी चारही चाकांभोवती एक फेरी मारली. "भाऊ, समोरचे नवे अन् मागचे जुने काऊन?"

मग त्यानं सांगितलं ते मी घरी कागदावर मांडून पाहिलं. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर, झिजलेल्याची चार. त्रिज्येत चारचा फरक, म्हणजे परिघात पंचवीस मिलिमीटर. माझं चाक किलोमीटरला सव्वाचारशेच्या वर फेरे घेते. म्हणजे दर किलोमीटरला मागच्या चाकांना दहा-अकरा मीटर जास्त फिरावं लागत होतं. हा फरक डब्यातल्या क्लच प्लेटा घसरून पोटात घालत होत्या, सरळ रस्त्यावरसुद्धा, सतत. ऑइल तापलं, प्लेटा जळल्या, साखळी ताणली गेली. त्यानं डब्याखाली टोपलं ठेवून बोल्ट काढला तेव्हा जे गळलं ते काजळ होतं.

घरी बाबांना हे सांगत होतो. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. "खोंड अन् बुढा बैल एका जुवाले जुपला तं मोडते काय? जूच. येवढ्यासाठी नागपूरले गेलता?"

दिल्लीच्या मायापुरीतल्या जुन्या पार्टच्या बाजारातून जुना डबा मागवला. पहिला आला तो दुसऱ्याच मॉडेलचा. परत पाठवा, पुन्हा वाट पाहा, यात तेवीस दिवस गेले आणि खत आणायला मी भाड्याच्या पिकअपमध्ये पुढं बसून जात होतो. डबा, नवं ऑइल, मजुरी धरून १,७२,०००. टायर चारही एकदमच, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. त्याचे नव्वद हजार वेगळे. मिस्त्रीनं वहीत लिहून दिलं: ऑइल दर चाळीस हजार किलोमीटरला, लाइफटाइम विसरा.

काढलेले ते समोरचे टायर बरेच चांगले आहेत, पण घ्यायला कोणी तयार नाही, कारण त्या मापाची दुसरी गाडी आमच्या आसपास नाही. गोठ्यात पडून आहेत. परवा एकात कोंबडीनं अंडी घातली, तर बाबांनी मला दुकानात फोन करून कळवलं.