कासवाला उचकी लागली

आमच्या स्विमिंग पूलमध्ये आपोआप फिरून तळ साफ करणाऱ्या क्लीनरला धाकटीने कासव असं नाव ठेवलंय. गेल्या आठवड्यात हे कासव तीन दिवस पायऱ्यांपाशीच घुटमळत राहिलं. खोल बाजूच्या तळाला हिरवट गाळाची पातळ साय धरली. मी सवयीप्रमाणे पहिल्याच दिवशी स्क्रू-ड्रायव्हर काढला.

हे सक्शनवर, म्हणजे पंपाच्या ओढीवर चालणारं यंत्र. त्याला मोटर नाही, वायर नाही. पंप स्किमरच्या, म्हणजे पूलच्या भिंतीतल्या पाणी ओढून घेणाऱ्या खिडकीच्या तोंडातून पाणी ओढतो आणि तेच पाणी होजमार्गे, म्हणजे लांब लवचिक पाइपातून, कासवाच्या पोटातून जातं. पोटात रबराची नळी असते, डायफ्राम. ती मिटते, उघडते, पुन्हा मिटते, आणि दर झटक्याला कासव बोटभर पुढे सरकतं. टक-टक-टक आवाज येतो तो त्याचाच. हलणारा भाग असा हा जवळजवळ एकच, त्यामुळे बिघडला असेल तर हाच, असं मी ठरवूनच टाकलं.

उघडून पाहिलं तर डायफ्राम ठणठणीत. चीर नाही, आत खडा अडकलेला नाही. तरी नवा घातला. घरात एक पडून होता, आणि पडून असलेली वस्तू हातात आली की ती वापरावीशी वाटतेच. खालची रबरी चकतीही बदलली. स्किमरची आणि पंपाची अशा दोन्ही जाळ्या साफ केल्या. कासव परत पायऱ्यांपाशी.

दुसऱ्या दिवशी धाकटी काठावर पाय सोडून बसली होती. म्हणाली, "बाबा, त्याला उचकी लागलीय."

कान देऊन ऐकलं. टक-टक-टक, मग थांबा, मग एक दणका, पुन्हा टक-टक. आणि समोरच्या भिंतीतून पाणी परत पूलमध्ये येतं त्या तोंडातून बुडबुड्यांची माळ सुटत होती. म्हणजे पंप पाण्याबरोबर हवाही ओढत होता. फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा काटाही रोजच्यापेक्षा खाली आणि थरथरणारा. तो मी आदल्याच दिवशी पाहिला होता, पण काटा वर गेला की काळजी करायची एवढंच डोक्यात बसलेलं. स्वच्छ फिल्टरच्या आकड्यापेक्षा 8 ते 10 पीएसआय (दाबाचं एकक) वर गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, हे पाठ. खाली गेला तर पंपापर्यंत पुरेसं पाणी पोचत नाही किंवा सक्शनच्या बाजूने हवा शिरतेय, हे सोयीस्कर विसरलो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हवा कुठून शिरतेय हे शोधायला मी होज स्किमरपासून सोडवला आणि पंप तसाच चालू ठेवला. बुडबुडे हळूहळू थांबले. तसेच येत राहिले असते तर संशय पंपाच्या झाकणावर आणि त्याच्या ओ-रिंगवर, म्हणजे हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कडीवर गेला असता. चालत्या पंपाच्या झाकणाच्या कडेने पाणी ओतायचं आणि बुडबुडे क्षणभर थांबले की चोर सापडला. (त्या ओ-रिंगला पेट्रोलियम जेली लावू नका. एकदा लावली होती. रबर फुगलं आणि झाकण बसेना. सिलिकॉन ग्रीसच लावायचं.)

तर दोष होजमध्ये. एक-एक मीटरचे तुकडे जोडलेला हा होज. बुडालेल्या भागाला चीर असली तर तिथून पाणीच शिरतं, ओढ थोडी कमी होते इतकंच. हवा शिरते ती तरंगणाऱ्या भागातून. म्हणून स्किमरजवळच्या तुकड्यांपासून सुरुवात केली. प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून वाकवायचा, फिरवायचा, पुन्हा वाकवायचा. दुसऱ्याच तुकड्याच्या वळीत, सरळ धरला तर दिसणारही नाही अशी, नखाएवढी चीर. चिकटपट्टी लावून पाहिली, संध्याकाळपर्यंत सुटून तरंगू लागली. तुकडाच बदलला.

परत जोडताना होज आधी पूर्ण बुडवून आतली हवा काढली, त्यात घाई केली की नवं दुखणं सुरू. उचकी गेली. पण पायऱ्यांचं प्रेम काही सुटेना! तो दोष माझाच. सुटीत मी होज गुंडाळून ठेवला होता आणि त्याला गोल वळणाची सवय लागली होती. कासव बिचारं त्याच वळणावर फिरत होतं. सगळे तुकडे सुटे करून दिवसभर उन्हात सरळ पसरले. लांबीही मोजली: स्किमरपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापर्यंत, अधिक एक मीटर. माझ्याकडे त्याहून दोन तुकडे जास्त निघाले, ते काढले. पाणी परत सोडणारी तोंडं खाली वळवली, कारण त्यांचा झोत तरंगणाऱ्या होजला एकाच बाजूला ढकलत होता.

आता कासव खोल बाजूला जातं, भिंतीवरही थोडं चढतं. क्लोरिनचा शॉक, म्हणजे एकदम मोठा डोस, द्यायचा असला की मी त्याला बाहेर काढतो, नाहीतर रबर कडक होतं. शिडीच्या पायात मात्र अजूनही दिवसातून एकदा अडकतं. त्यावर मला उपाय सापडलेला नाही. धाकटी जाळीच्या काठीने ढकलते आणि वर त्याला रागावतेही.