हजेरीची मेडलं

नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला आर्मीच्या ताब्यात आहे, आपल्याला आत जायला मिळतं ते २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट असं मोजक्याच दिवशी. तर या २६ ला भाच्याला घेऊन गेलो. सोबत शेजारचे सुभेदार काका, आर्मीच्या कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटमधून रिटायर झालेले, कोट घालून आणि छातीवर मेडलांची अख्खी रांग. लाईनीत लोक वळून वळून पाहून राहिले होते, एका पोराने तर सेल्फीच मागितला.

भाच्याने विचारलं, आजोबा तुम्ही किती जणांना मारलं?

काका हसले. म्हणे, अरे बाबू, यातलं एकबी शौर्याचं नाही, सगळी हजेरीची आहेत. मग बोट ठेवून ठेवून सांगितलं. हे ९ वर्षं नोकरी केली म्हणून, हे २० वर्षं झाली म्हणून, हे उंच पहाडात पोस्टिंग होतं त्याचं, आणि हे १९९७ साली स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली तेव्हा जो जो वर्दीत होता त्या सगळ्यांना मिळालं, आमच्या लंगरच्या कुकलाबी.

मी चाळिशीला आलो पण खरं सांगतो, मला हे माहीतच नव्हतं. छाती भरलेली दिसली की आपण थेट हिरो करून टाकतो. शौर्याची वेगळीच असतात. शत्रूसमोर लढताना परमवीर, महावीर, वीर चक्र, आणि युद्ध नसताना, म्हणजे अतिरेक्यांशी चकमक वगैरे, तेव्हा अशोक, कीर्ती, शौर्य चक्र. परमवीर आजवर फक्त २१ जणांना, त्यातले १४ मरणोत्तर. आणि दिसायला केवढं, तर साडेतीन सेंटीमीटरची काशाची चकती, जांभळी रिबन. त्यावर इंद्राची चार वज्रं आहेत, डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्माने स्विस बाई, लग्न करून आपल्या मराठी घरात आल्या. (हे शाळेत का नाही शिकवलं कोणी?)

मग काका अल्बर्ट एक्कावर आले. त्यांच्याच रेजिमेंटचा, १४ गार्ड्स या बटालियनचा लान्स नायक, गाव आताच्या झारखंडात. डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध, गंगासागर, आगरतळ्याच्या पलीकडे आताच्या बांगलादेशात. शत्रूच्या बंकरमधली एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, आपली पोरं पाडत होती, हा संगीन घेऊन सरळ त्यावर धावला, दोघांना मारून ती बंद केली, त्यात स्वतः जबर जखमी. तरी कंपनीसोबत पुढे जातच राहिला. शेवटी एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरून एमएमजी, म्हणजे त्याहून मोठी मशीनगन, सुरू झाली तर सरपटत गेला, ग्रेनेड टाकला, तरी थांबेना, मग भिंतीवर चढून आत घुसला आणि संगिनीनेच ती गप्प केली. तिथंच गेला. त्या युद्धात पूर्वेच्या आघाडीवरचं एकमेव परमवीर त्याचं. वय २८.

काका हे सांगताना आवाज वगैरे चढवत नव्हते, रेशनच्या लाईनीत बोलावं तसं. भाचा मात्र गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, मामा, भिंतीवर चढताना त्याची बंदूक कुठं होती? मला काही सांगता आलं नाही. काकांनी खांद्यावर पट्टा अडकवायची अ‍ॅक्शन करून दाखवली, तेवढ्यात त्यांची मेडलं खणखणली आणि समोरचे दोघं परत वळून पाहू लागले.